हत्तीची दाढ आणि आक्काबाईची टाच

मला आजवर कुणी फसवू शकलेलं नाही! आमच्या दूधवाल्याला विचारा. तो माप ओतत असतो तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत असतो. माप कुणीही खरं ठेवतो, तोंड ठेवता येत नाही. शहागंजातल्या भाजीवाल्यांना विचारा. मी दिसलो की ते तराजू पुसायला घेतात. देवळात मी चपला बाहेर काढत नाही, पिशवीत घालतो आणि पिशवी हातात धरूनच प्रदक्षिणा घालतो. नमस्काराला एकच हात उरतो, पण देव समजून घेतो.

अशा माणसानं शिकवायला विषय कोणता घ्यावा? जीवाश्मशास्त्र! म्हणजे लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरांची दगड झालेली हाडं. ज्याचा एकही साक्षीदार हयात नाही असा हा विषय औरंगाबादच्या एका कॉलेजात मी नऊ वर्षं शिकवतोय, आणि नऊ वर्षं मुलं झोपतायत.

मुलांचाही काय दोष! तास दुपारी अडीचचा. पोटात भाकरी, डोक्यावर पत्रा. कॉलेजच्या कपाटात जीवाश्म म्हणाल तर मोजून एक शंख. तोही पूर्वीच्या कुणीतरी डिंक लावून जोडलेला. अठरा मुलांपैकी सतरा घोरायची आणि एक जागा असायचा. हा जागा असलेला मला जास्त छळायचा. रामकिसन त्याचं नाव, पाचोडच्या बागायतदाराचा मुलगा. बापानं कोर्टकचेऱ्या केलेल्या, त्यामुळं घरात बाळगुटीबरोबर उलटतपासणीही पाजत असावेत.

"सर, ह्यो शंख चौदा कोटी वर्षांचा, हे कशावरून?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक लिहिणारा तवा तिथं व्हता का?"

"नव्हता."

"मग? आमच्या बांधाचा वाद आज्यापासनं चालू हाय. चाळीस वर्षांमागं बांध कुठं व्हता ते कोर्टाला ठरवता येईना. अन् तुम्ही चौदा कोटींचं छातीठोक सांगताय! ह्याचा सात-बारा दाखवा की."

सतरा मुलं तेवढ्यापुरती जागी होऊन हसायची आणि पुन्हा झोपायची.

गेल्या जानेवारीत प्राचार्यांनी मला बोलावलं. "बद्रीनाथराव, विद्यापीठाची समिती अठ्ठावीस तारखेला येतेय. तुमचा पेपर चालू ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवायला. एका मुलानं जरी जांभई दिली तरी पेपर बंद!"

"आणि मी?"

"संस्थेची पाचोडला शाखा आहे. आठवीला भूगोल शिकवायला माणूस हवाय."

घरी येऊन बायकोला सांगितलं. आशा गुलमंडीवर शिवणाचे वर्ग चालवते, तीस बायका येतात. तिनं सुईत दोरा ओवता ओवता निकाल दिला, "तुम्ही जा. मी बाजाराच्या दिवशी भेटायला येत जाईन." आणि माझं सुख वाटून घ्यायला रामकिसन दुसऱ्या दिवशी हजर! त्याला कुठून कळलं देव जाणे. "सर, या की पाचोडला. आमची मळ्यातली खोली रिकामीच हाय. बैल बांधतो तिथं, पण बैल गरीब हाय."

त्या रात्री नव्हे, त्याच क्षणी माझ्या डोक्यात योजना तयार झाली. मुलांचा पुस्तकावर विश्वास नाही ना? ठीक. हाताला लागलं की विश्वास बसेल! पैठणच्या अलीकडं गोदावरीला मिळणारा एक कोरडा ओढा मला माहीत होता. तिथं आपणच जीवाश्म पुरायचे. समितीसमोर मुलांच्या हातून उकरायचे. मुलं आनंदानं नाचतील, समिती भारावेल, पाचोडचा बैल एकटाच राहील!

पण पुरायला जीवाश्म हवेत. मी प्लॅस्टरची पोती आणली आणि न्हाणीघरात कारखाना काढला. चार शिंपले, एक शिंग, एक बैलाचा जबडा आणि एक हत्तीची दाढ. अशा सात वस्तू. हत्तीची दाढ मी पुस्तकातल्या चित्रावरून केली. इतकी हुबेहूब झाली की एखाद्या हत्तीनं पाहिली असती तर आपल्या तोंडात जीभ फिरवून खात्री केली असती. मग जुनाट रंग यावा म्हणून सगळं चहाच्या पाण्यात घातलं.

"अहो, चहापत्तीचा डबा रिकामा कसा?" आशानं विचारलं.

"चहा भिजत घातलाय."

"कशात?"

"बैलाच्या जबड्यात."

आशानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तेव्हापासून तिची नजर बदलली. रविवारी दुपारी मी स्कूटरला कुदळ बांधायला लागलो तशी ती दारात आडवी उभी राहिली.

"हंड्याचा पत्ता लागला ना?"

"कसला हंडा?"

"माझ्या आजोबांनी रझाकारांच्या धामधुमीत पैठणकडं पुरलेला! पोलिस ॲक्शन झाली, सगळे परत आले, पण जागा कुणाला आठवली नाही. तुम्हाला कळलीय, म्हणून मला सोडून निघालात. चोर कुठले!"

मी शपथा घेतल्या. पण नऊ वर्षं ज्यानं बायकोच्या प्रत्येक शपथेवर शंका घेतली, त्याच्या शपथेला घरात काय भाव असणार?

आता माझी हुशारी बघा. मुलांचा काय भरवसा? उद्या कुणी माझी दाढ पळवून दुसरीच ठेवली तर? म्हणून सातही वस्तूंच्या तळाला मी खिळ्यानं बारीक 'ब' कोरला. ब म्हणजे बद्रीनाथ. ओढ्यात सात खड्डे केले, सात वस्तू पुरल्या, प्रत्येकावर एक खुंटी ठोकली आणि खुंटीला लाल दोरा बांधला. गाठही माझी खास, दोन उलट्या आणि एक सुलट. कुणी हात लावला तर मला कळलंच पाहिजे!

शेवटची गाठ मारून वर पाहिलं तर दरडीवर एक मेंढपाळ काठीला हनुवटी टेकवून उभा. मागं त्याची बायको, कडेवर कोकरू. किती वेळ बघत होते कोण जाणे.

"राम राम. काय पुरताय, सायेब?"

"काही नाही. सरकारी काम आहे."

"आयतवारी?"

"मातीची तपासणी चालू आहे."

"तपासायला माती काढत्यात. तुम्ही तर घालताय."

माणूस बेरकी होता. नाव मुंजाबा, बायकोचं आक्काबाई. हे दोघं मी गेल्यावर उकरणार, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. म्हणून मी आवाज खाली आणला, इकडंतिकडं पाहिलं आणि विड्यांचं अख्खं बंडल मुंजाबाच्या हातात कोंबलं.

"मामा, कुणाला बोलू नका. आणि याला हात लावू नका. बुधवारी मी पोरं घेऊन येणार आहे. त्यांच्याच हातानं निघायला पाहिजे. कोरे हात लागतात, नाहीतर सगळं फुकट!"

आक्काबाईनं कोकराच्या डोळ्यांवर पदर ओढला.

"लाल दोरा कशापायी, बापा?" तिनं विचारलं.

"ते तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणालो आणि स्कूटरला लाथ मारली. वाटेत मागं वळून पाहिलं. दोघं खुंट्यांपासून दहा हात लांब उभे होते आणि मुंजाबानं माझं विड्यांचं बंडल जमिनीवर ठेवून दिलं होतं. फुकटची विडी नाकारणारा माणूस! माझा संशय दुप्पट झाला.

बुधवारी आमची वरात ओढ्यावर पोहोचली. अठरा मुलं, प्राचार्य आणि समितीचे दोघे. त्यातले एक नागपूरचे ज्येष्ठ प्राध्यापक. बोलणं कमी, भिंग मोठं. दरडीवर मुंजाबा आणि आक्काबाई आधीच येऊन बसले होते. मी पहिल्या खुंटीजवळ वाकलो आणि दोरा चिमटीत धरला. गाठ साधी होती. घरोघरी मारतात तशी!

"करा सुरुवात," प्राचार्य म्हणाले.

मुलं तुटून पडली. नऊ वर्षांत मी असं दृश्य पाहिलं नव्हतं. जी पोरं वही उघडायला कुरकुरायची ती कोपरापर्यंत मातीत होती. आणि रामकिसन ओरडला, "सर! घावलं! लई जड हाय वो!"

जड? माझं प्लॅस्टर तर पापडासारखं हलकं होतं. मी धावलो. त्याच्या हातात हत्तीची दाढ होती. काळपट, पाटीवर रेघा ओढाव्यात तशा कंगोऱ्यांची. मी ती उलटी केली. 'ब' नाही! दुसऱ्या खड्ड्यातून हाडाचा एक तुकडा निघाला. 'ब' नाही. तिसऱ्यात, चौथ्यात, सातव्यात. कुठंच 'ब' नाही!

क्षणात सगळा कट माझ्या ध्यानात आला. पोरांना सुगावा लागला होता. त्यांनी माझे सात काढून स्वतःचे सात बनवून ठेवले होते, मला समितीसमोर उघडं पाडायला! आणि त्यांचा म्होरक्या कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी रामकिसनला बाजूला ओढलं.

"कुठं ठेवलीस?" मी दात ओठ खाऊन विचारलं.

"काय, सर?"

"माझी दाढ!"

रामकिसननं काळजीनं माझ्या तोंडात डोकावून पाहिलं. "पडली का, सर? कवा?"

"माझी नव्हे, हत्तीची!"

"ती तर तुमच्या हातात हाय की!"

"ही खोटी आहे!"

हे जरा मोठ्यानं झालं. नागपूरचे प्राध्यापक भिंग घेऊन जवळ आले. "खोटी? कशावरून म्हणता?"

आता माघार नव्हती. "आत्ता सिद्ध करतो!" मी खिशातला चाकू काढला. खोटं असेल तर पांढरा भुगा पडणार. मी जोर लावून दाढेवर चाकू ओढला. भुगा पडला नाही. चाकूचं टोक मात्र वाकलं.

"पाहिलंत?" मी म्हणालो. "सिमेंट घातलंय लबाडांनी!"

"सर, आईची आन, मी नाय काय केलं," रामकिसन म्हणाला. पोराचा चेहरा पडला होता. नऊ वर्षांत पहिल्यांदा एक मुलगा स्वतःच्या हातानं काही शोधून माझ्याकडं धावत आला होता, आणि मी त्याला अठरा जणांत लबाड म्हणालो होतो. हे मला त्या वेळी दिसायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पाचोडचा बैल उभा होता.

मी ती दाढ दूर भिरकावून दिली. ती दरडीखाली जाऊन पडली. आक्काबाई खाली उतरली, तिनं ती उचलली, उलटीपालटी केली आणि कंगोऱ्यांवरून अंगठा फिरवला.

"टाकून दिली व्हय, मास्तर? मग मी घेऊ का?"

"घ्या! न्या! चूल मांडा तिची!" आणि मी समितीकडं वळलो. "माझ्याकडं पुरावा आहे! मी पुरलेल्या प्रत्येक वस्तूवर खाली 'ब'..."

अठराही पोरांचे मातीचे हात थांबले. मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबल्या असाव्यात.

"तुम्ही पुरलेल्या?" प्राचार्यांनी अगदी हळू विचारलं.

तेवढ्यात दरडीवरून मुंजाबा उतरला आणि हात जोडून उभा राहिला.

"सायेब, राग धरू नका. पोरांची काय चूक नाय. आमीच काढलं त्ये."

"चोर!" मी उसळलो. "मला माहीतच होतं!"

"चोरी नाय वो. शेरातला माणूस आयतवारी येतो, हाडं पुरतो, वर लाल दोरा बांधतो. कुणाला बोलू नका म्हणतो. कोऱ्या पोरांच्या हातानं काढायचं म्हणतो. अन् वर अख्खं बंडल देतो! मागल्या साली आमच्या वस्तीवर भानामतीचं लई झालं. आक्का म्हणली, ही करणीच हाय. मेंढरांवर न्हाईतर पोरांवर. म्हणून सगळं उकरलं, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला अन् गोदावरीत सोडून दिलं. खडकावर आपटून भुगा झाला त्येचा. पाणी चहावाणी झालं बगा."

"मग ह्या खड्ड्यांत हे कुणी ठेवलं?" नागपूरच्या प्राध्यापकांनी विचारलं.

"म्याच. आक्का म्हणली, खड्डा रिता ठिवला तर उलटंल आपल्यावर. हाडाच्या जागी हाडच पायजे. म्हणून वरच्या दरडीतली राक्षसाची हाडं आणून ठिवली."

"राक्षसाची?"

"व्हय. आमचा आजा तसंच म्हणायचा. ढिगानं पडल्यात. मेंढरं ठेचकाळत्यात त्येच्यावर."

साठीचे ते प्राध्यापक चपला तिथंच सोडून दरड चढायला लागले! मागं अठरा मुलं. वरून त्यांचा आवाज आला, इतका वेळ न बोलणाऱ्या माणसाचा. "अस्सल! सगळी अस्सल! निदान वीस हजार वर्षांपूर्वीची!"

"कशावरून?" रामकिसननं विचारलं. मी डोळे मिटले.

"शाबास!" प्राध्यापक म्हणाले. "हाच प्रश्न पाहिजे. ये इकडं. हा गोट्यांचा थर बघ, त्याच्यावर हा गाळ. एवढा गाळ साचायला नदीला किती पूर लागले असतील?" आणि ते दरडीवर बसून बोलू लागले. दुपारचे अडीच वाजले होते. एकानंही जांभई दिली नाही. मी खाली एकटा, वाकडा चाकू घेऊन उभा होतो.

शेवटी ते खाली आले. "ती दाढ द्या बघू. ती तर लाखात एक आहे."

दाढ! ओढ्याच्या वळणावर एकच डबकं उरलं होतं, तिकडं मी पाहिलं. आक्काबाई काठावर बसून, लुगडं वर खोचून, वीस हजार वर्षांपूर्वीच्या हत्तीच्या दाढेनं टाचा घासत होती.

"आक्का, थांबा! ते परत द्या!"

"का म्हणून?" तिनं हात न थांबवता विचारलं. "मघाशी खोटं म्हणून फेकलंत. आता खरं म्हणून मागताय. सकाळधरनं तुमचा एक बोल ठरंना, मास्तर! ह्यात तुमचंच काय तरी असणार."

मी विनवण्या केल्या. प्राचार्यांनी विनवण्या केल्या. जितकं जास्त मागावं तितका तिचा संशय वाढत गेला. अखेर रामकिसननं मध्यस्थी केली. पाचोडच्या बाजारात बैलाचा सौदा करावा तसा. दाढ कॉलेजच्या कपाटात राहील, मालकी आक्काबाईची. महिन्यातून एकदा ती औरंगाबादला लेकीकडं येते, तेव्हा येऊन बघून जाईल.

"अन् मास्तरांनी बदलली तर?" आक्काबाईनं विचारलं.

"बदलली तर टाचेला कळंल की, आक्का."

हे तिला पटलं.

आता खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण दाढ कपाटात आली आणि माझी झोप उडाली. लाखात एक वस्तू, आणि कपाटाला पिचकं कुलूप! शिपाई पाहतो, विद्यार्थी पाहतात, कोण कधी हात मारेल सांगता येत नाही. मी शक्कल लढवली. प्लॅस्टरची एक दाढ केली, चहात बुडवली आणि कपाटात ठेवली. खरी घरी नेऊन गव्हाच्या कोठीत लपवली. कुणाला पत्ता नाही!

मार्चमध्ये भर तासाला आक्काबाई आली. आल्या आल्या बाकावर बसली, पायातली वहाण काढली आणि दाढ मागितली. नाही कसं म्हणणार? तिनं टाचेवर दोन हात मारले. टाच पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरीफेक झाली.

"मास्तर!" ती किंचाळली. "आली का पुन्यांदा करणी!"

"सर, पंचनामा करू," रामकिसन म्हणाला, आणि अठरा मुलं माझ्यामागं घरापर्यंत आली. आशानं दार उघडलं. मी कोठीत हात घालून गव्हातून काहीतरी जड बाहेर काढतोय म्हटल्यावर तिनं दोन्ही हात गालावर ठेवले. "हंडा!" तिला दाढ दाखवली. ती मटकन खाली बसली आणि मग, सगळ्या वर्गासमोर, तिनं आणि आक्काबाईनं मिळून माझी जी उलटतपासणी घेतली तशी रामकिसनच्या बापानंही कोर्टात पाहिली नसेल.

मार्चअखेर समिती पुन्हा येऊन आमच्या वर्गात बसून गेली आणि एप्रिलमध्ये तिचा अहवाल आला. प्राचार्यांनी बोलावलं. मी पाचोडची एसटी किती वाजता सुटते ते आधीच विचारून ठेवलं होतं.

"बसा, बद्रीनाथराव. पेपर चालू ठेवावा म्हणतायत. विद्यार्थ्यांची उपस्थिती पूर्ण. मुलं प्रत्येक नमुना स्वतः तपासून घेतात, प्रत्येक आकड्याला पुरावा मागतात, शिक्षकांचं प्रत्येक वाक्य ग्रंथालयात जाऊन पडताळतात. असा जागा वर्ग समितीनं दुसरा पाहिलेला नाही!"

माझी छाती फुगली. "आणि माझ्याबद्दल?"

"शिक्षक अजिबात बदलू नयेत, असं खास लिहिलंय."

"बघा! मी म्हणत होतो ना! कारणही लिहिलं असेल?"

"लिहिलंय." प्राचार्यांनी चष्मा सारखा केला. "वर्गाला झोप लागू नये म्हणून."

मी अहवाल त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः वाचून खात्री केली. सही खरी होती.